रंग सावळा, शिंगे नाहीत

शहादेव पंचेचाळीस दिवसांनी व्यसनमुक्ती केंद्रातून गावी परतला, तर घराला कुलूप. कुलपावर कोळ्यानं जाळं धरलेलं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा उन्हाकडं पाठ करून बसला होता. तो म्हणाला, "तुझं घर छावणीत गेलंय बाबा. तिकडंच जा. हितं आता उंदीर बी राहिना."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात निम्मं गाव चारा छावणीत राहत होतं. विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, नदीतल्या झऱ्यापाशी घागरींचे नंबर लागले, तेव्हा सरकारनं जनावरांसाठी छावण्या मंजूर केल्या. माणसांसाठी काही मंजूर झालं नव्हतं, म्हणून माणसं आपापल्या जनावरांच्या मागं छावणीत राहायला गेली. गाईच्या नावानं टँकर यायचा आणि त्यातला हंडाभर गाईच्या मालकिणीला मिळायचा.

छावणी चालवायची गावची सहकारी दूध संस्था. संस्थेत तीन वर्षांत दुधाचा थेंब आला नव्हता, पण संस्थेची तब्येत ठणठणीत होती. भगवानराव चेअरमन होते, संचालक मंडळ होतं, दर महिन्याला सभा व्हायची आणि 'दूध संकलनात वाढ करणे' हा विषय दर महिन्याला एकमतानं मंजूर व्हायचा.

शहादेवची बायको गंगासागर दावणीपाशी शेण भरत होती. लांबून एक माणूस पिशवी घेऊन येताना तिला दिसला. तिनं एकवार पाहिलं आणि पुन्हा शेणाकडं वळली. आपला नवरा असा नाकासमोर चालत येईल हे तिच्या मनातच आलं नाही. तो जवळ येऊन "गंगे" म्हणाला, तेव्हा कुठं ओळख पटली.

चौदा महिन्यांची पोरगी शेडनेटच्या सावलीत उसाचं कांडं चघळत बसली होती. बापाला पाहून तिनं कांडं टाकलं आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. तिला बापाचा आवाज ठाऊक होता, आणि तो आवाज ऐकला की तोंड कुठंतरी खुपसायचं असतं एवढंच ती आजवर शिकली होती.

गंगासागरचं एक ठरलेलं होतं, आणि ते तिनं नवऱ्यापासून लपवलं नाही. तिचा थोरला भाऊ आश्रुबा सिरसाळ्याला राहायचा. त्याचा धान्याची पोती वाहणारा टेम्पो होता. शहादेवला केंद्रात सोडलं त्याच दिवशी आश्रुबा म्हणाला होता, "किती दिस सोसणार गंगू? पोरीला घे अन् चल." ती म्हणाली, "आल्यावर एक महिना बगते. महिना भरला की फोन कर. तवा सांगीन ते खरं." आश्रुबा शब्दाचा पक्का. त्यानं कॅलेंडरवर गोल करून ठेवला.

हे सगळं तिनं पहिल्याच संध्याकाळी भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं. "भांडण न्हाई, आरडाओरडा न्हाई. पिलात की मी पोरीला घेऊन टेम्पोत बसणार."

शहादेव म्हणाला, "बरं." मग अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाला, "महिना लई मोठा असतोय गं."

पाचव्या दिवशी त्यानं बादली उचलली, "टँकर आलाय" म्हणाला आणि टँकर उभा होता त्याच्या बरोबर उलट्या दिशेला चालू लागला. कोरड्या कालव्याच्या पलीकडं पत्र्याचं एक हॉटेल होतं आणि हॉटेलच्या मागं गुत्ता. दुष्काळात सगळं आटलं होतं, तो तेवढा आटला नव्हता. त्याला टँकर लागत नसे. गंगासागर पोरीला कडेवर घेऊन बघत राहिली. हाक मारली नाही. हाका मारून मारून तिचा गळा दोन वर्षांपूर्वीच बसला होता.

शहादेव कालव्यापर्यंत गेला. काठावर बसला. बराच वेळ बसला. मग रिकामी बादली घेऊन परत आला आणि आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "आई, मला बांधून घाल."

भिवराबाई तंबाखू मळत होती. "बांधून काय व्हतंय? मागल्या साली बांधलंवतं तर दावं घेऊन गेलतास. दाव्याचं बी पिऊन आलास."

पण त्या म्हातारीचं डोकं चालू झालं होतं. छावणीत आल्यापासून ती एक नवल रोज बघत होती. संस्थेचा कारकून उत्तरेश्वर सकाळ-संध्याकाळ रजिस्टर काखेत मारून दावणीदावणीनं फिरायचा. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. नंबर पुकारायचा, जनावर बघायचं, टिक करायची. एखादी कालवड जागेवर नसली की सगळ्या छावणीत धावाधाव. भिवराबाईच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात कुणा माणसाची अशी दोन वक्त चौकशी झालेली तिनं पाहिली नव्हती.

तिनं लेकाचं मनगट धरलं आणि त्याला कारकुनाच्या टेबलापुढं नेऊन उभा केला.

"उत्तरेश्वर, माझी मोठी जनावरं किती हायत?"

"दोन बैल, एक गाय, एक कालवड. चार."

"पाच लिही."

"पाचवं कुठं हाय?"

"हे काय."

उत्तरेश्वरनं चष्मा नाकावर ओढून वरून पाहिलं. "काकू, हा शहादेव हाय."

"मला सांगतोस व्हय? म्याच जलम दिलाय."

"अवो, हे जनावरांचं रजिस्टर हाय!"

"मग? ह्यो पिल्यावर माणसात असतोय का? सकाळ-संध्याकाळ नाव पुकार, जवळ बोलीव, तोंडाचा वास घे, मग टिक कर. बैलाचं करतोस तेवढं माझ्या लेकाचं कर की. का बैलापरीस गेला त्यो?"

आता उत्तरेश्वरला एखादी वेगळी वही घालता आली असती. पण तो बावीस वर्षं सहकारात होता. शिक्क्याशिवायच्या वहीत लिहिलेलं त्याच्या लेखी लिहिलेलंच नसे. आणि शिक्का मारलेलं, पानांवर नंबर घातलेलं रजिस्टर छावणीत एकच होतं. त्यानं सुस्कारा सोडला आणि पेन उघडलं.

"रंग?"

"सावळा," भिवराबाई म्हणाली.

"शिंगं?"

"न्हाईत."

"वय?"

"चौतीस भरलंय."

"खूण?"

"कपाळावर वण हाय. पिऊन गव्हाणीवर पडलंवतं."

"सोभाव?"

"लई गरीब. पर संध्याकाळी धरून ठिवावं लागतंय."

उत्तरेश्वरनं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. जनावर क्रमांक चारशे बत्तीस. बिल्ला कानाला टोचायचा असतो, असं तो जरा नाराजीनंच म्हणाला आणि दोऱ्यानं शहादेवच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीला बांधून दिला. शहादेव खाली मान घालून उभा होता, पण त्यानं हात आडवा आणला नाही.

गंगासागर पदर तोंडात कोंबून गाईच्या आड गेली. ती लाजेनं गेली असं समोरच्या दावणीतल्या छबुबाईला वाटलं. खरं तर तिला हसू फुटलं होतं. कित्येक महिन्यांनी आलेलं ते हसू कुणाला दाखवायला तिचं मन होईना.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. उत्तरेश्वर पुकारायचा, "चारशे बत्तीस!" शहादेव पुढं होऊन तोंड उघडायचा. कारकून वास घ्यायचा, जरा मान वळवायचा, कारण तंबाखू तर चालूच होती, आणि टिक करायचा. छावणीतली पोरं टाळ्या पिटायची. शहादेवचा जुना भिडू, छबुबाईचा नवरा बंकट, खाटेवर पडल्या पडल्या ओरडायचा, "शिंगं कवा फुटणार बे?"

"फुटली की पैल्यांदा तुलाच मारणार," शहादेव म्हणायचा.

चौथ्या दिवशी छबुबाई नवऱ्याची कॉलर धरून टेबलापाशी आली. "माझं बी एक लिहा. रंग काळा, शिंगं हायत पर दिसत न्हाईत. सोभाव मारका." बंकट चारशे तेहतीस झाला. मग वरच्या दावणीतून दोघं आले, टँकरपासच्या खोपीतून दोघं. सगळे बायकांनी आणलेले. शेवटी सटवा आला. त्याची बायको ऊसतोडीला गेली ती टोळीबरोबर परतलीच नव्हती, माहेरी गेली होती. तो टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "मला आणायला कुणी न्हाई. मीच आलोय." उत्तरेश्वरनं मालकाच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं.

आता सात माणसं हजेरीला एका जागी जमणार आणि लगेच पांगणार, हे आपल्याकडं होत नाही. टिक झाली की ते तिथंच बसू लागले. संध्याकाळी सहा ते आठ हा वक्त मोठा अवघड. तोंड कोरडं पडतं, हात हलायला लागतात, पाय आपोआप कालव्याकडं वळतात. केंद्रातल्या सरांनी शहादेवला बजावलं होतं की गावी गेल्यावर रोज आपल्यासारख्यांसोबत बसायचं आणि खरं बोलायचं. पण खरं बोलायला सुरुवात कशी करायची हे कुणालाच येईना. पहिल्या दिवशी सातही जण अर्धा तास पेंडीच्या भावावर बोलले.

तिथं उत्तरेश्वर कामाला आला. सभा म्हटली की त्याच्या जिभेवर नाचायची. तो म्हणाला, "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. शहादेव, बोल."

शहादेव उठून म्हणाला, "काल मी पिलो न्हाई."

"सूचक शहादेव. अनुमोदन?"

कुणी हात वर करीना, कारण काल रात्रीचं कुणी पाहिलं होतं? मग मागून गंगासागरचा आवाज आला. ती पोरीला थोपटत उभी होती. "माझं हाय अनुमोदन. न्हाई पिले."

"ठराव एकमतानं मंजूर," उत्तरेश्वर म्हणाला.

तेव्हापासून हीच रीत पडली. नवऱ्यानं सुचवायचं, बायकोनं अनुमोदन द्यायचं, उत्तरेश्वरनं ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. एकदा बंकट छातीठोकपणे म्हणाला, "काल मी पिलो न्हाई," आणि छबुबाईनं हात खालीच ठेवला. अख्खी सभा तिच्याकडं बघत राहिली. बंकटनं आधी रागानं, मग विनवणीनं तिच्याकडं पाहिलं आणि शेवटी खाली बसून म्हणाला, "अर्धी पिलो. अर्धी सांडली." ठराव नामंजूर झाला. त्या रात्री उरलेले सहा जण आळीपाळीनं त्याच्या खाटेपाशी बसले आणि त्याचा थरकाप उतरेपर्यंत त्याला उसाच्या मोळ्या फोडायला लावल्या. सटवाचं अनुमोदन कोण देणार हा पेच होता. तो भिवराबाईनं सोडवला. "मी देते. माझ्या नाकाला कुणी फसवू शकत न्हाई," ती म्हणाली, आणि सटवाला दोन भाकरी जास्तीच्या वाढू लागली.

फक्त एका गोष्टीत म्हातारीनं उत्तरेश्वरच्या जिवाला घोर लावला. हजेरी लागली म्हणजे वैरण लागली, असं तिचं सरळ म्हणणं होतं. "चारशे बत्तीसची पंधरा किलो मोजून दे."

"काकू, शहादेव वैरण खातोय का?"

"ते तू कावून इचारतोस? नंबराला वैरण हाय का न्हाई?"

होती. रजिस्टरात होती म्हणजे होतीच. छबुबाईनं हे ऐकलं आणि तीही पाटी घेऊन आली. मग सगळ्याच. दुष्काळात छावणीतले काही बैल चांगलेच गुबगुबीत दिसायला लागले.

गंगासागर दिवस मोजत होती, पण आता एखादा दिवस मोजायचा राहूनही जायचा. पोरीला दाढा येत होत्या. बापाच्या गुंडीला लोंबणारा पिवळा बिल्ला तिला एकदा सापडला आणि तिनं तो चघळायला घेतला. शहादेव अंग चोरून बसून राहिला. तासभर तसाच. पाय मुंग्यांनी भरले तरी हलला नाही, कारण पोरगी आपण होऊन मांडीवर यायची ही पहिलीच खेप होती. गंगासागर चुलीपुढून चोरून बघत होती आणि भाकरीला पाणी लावायचं विसरत होती.

इकडं भगवानराव रोजच्या गोषवाऱ्यावर सही करत होते. मोठी जनावरं चारशे एकतीसची चारशे अडतीस झाली, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आकडा वाढला की त्यांना अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. रजिस्टर उघडून बघण्याइतका संशय त्यांचा सहकारावर कधीच नव्हता.

महिना भरायला दोन दिवस राहिले असताना निरोप आला, की परवा तालुक्याचे साहेब छावणी तपासायला येणार, एकेक जनावर बिल्ल्याशी ताडून बघणार. भगवानरावांनी पहिल्यांदा स्वतः फिरून जनावरं मोजली. चारशे एकतीस. पुन्हा मोजली. मग त्यांनी उत्तरेश्वरला बोलावलं.

"सात जनावरं कुठं गेली बे?"

"हायत की साहेब. चालती-बोलती हायत." उत्तरेश्वरनं रजिस्टर उघडून दाखवलं.

भगवानराव ओळीओळीवर बोट ठेवून ते पान वाचू लागले. 'सोभाव गरीब' इथं आल्यावर त्यांनी पाणी मागवलं. पण चेअरमन म्हणजे शेवटी चेअरमन. माजलगावकडच्या एका छावणीत त्यांचे साडू होते. साडूकडून एका दिवसापुरती सात जनावरं टेम्पोतून आणायची, सात बिल्ले त्यांच्या कानात घालायचे, साहेब गेले की जनावरं परत. सात जणांना त्यांनी बोलावून घेतलं आणि हात पुढं केला. "बिल्ले द्या. आता माणसागत ऱ्हावा. हजेरी-बिजेरी बंद."

सातही जणांचे हात गुंडीवर गेले आणि तिथंच थांबले.

"आरं द्या की! संस्था बुडवता का? छावणी बंद पडली तर चारशे जनावरं रस्त्यावर येतील." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "परवा साहेब गेले की संध्याकाळी सगळ्यांना मांजरसुंब्याला जेवण. माझ्याकडून. ढाब्यावर मटण, आन् बाकीचं बी."

'बाकीचं' म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी जमिनीकडं पाहिलं. शहादेवनं दोरा तोडला.

त्या संध्याकाळी हजेरी झाली नाही. सहा वाजले तसे सातही जण सवयीनं टेबलापाशी आले, टेबल रिकामं बघून उभे राहिले आणि एकेक करत पांगले. पोरगी बापाच्या मांडीवर चढली, गुंडीपाशी चाचपडली आणि भोकाड पसरून रडली. शहादेव गाईकडं तोंड करून आडवा झाला. त्याचा हात झोपेतसुद्धा सदऱ्याच्या गुंडीवर होता. दुसरा दिवसही तसाच गेला. गंगासागरनं विचारलं, "डोकं दाबू का?" तो म्हणाला, "नगं. उद्याचा दिस जाऊ दे." उद्याचा दिवस म्हणजे महिन्याचा शेवटचा. उद्या संध्याकाळी आश्रुबाचा फोन येणार होता, आणि उद्या संध्याकाळीच मांजरसुंब्याचं जेवण होतं.

साहेब सकाळी आले. तरणेच होते. सोबत जनावरांचे डॉक्टर. चारशे एकतीस जनावरं तपासताना दुपार झाली. कुठं काही खोट निघेना. भगवानरावांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. मग साहेब भिवराबाईच्या दावणीपाशी येऊन थांबले.

"चारशे बत्तीस. रंग सावळा. शिंगे नाहीत."

समोर एक पांढरीफेक गाय उभी होती. तिची शिंगं हातभर होती.

"लिहिणाराची चूक," भगवानराव म्हणाले.

"वय चौतीस?"

जनावरांचे डॉक्टर खोकले. "साहेब, एवढं आयुष्य मी तरी कुठल्या गाईचं ऐकलं नाही."

"तीन-चार असंल. तीन ते चार," भगवानराव म्हणाले.

"शेरा," साहेब वाचत होते, "तेवीस दिवस झाले, पिलेले नाही." त्यांनी मान वर केली. "तेवीस दिवस या जनावराला पाणी पाजलेलं नाही?"

"दुष्काळाचं जनावर हाय साहेब," भगवानराव म्हणाले. "सवय झालीय त्याला."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "या गाईचा मालक कोण?"

भिवराबाई टँकरवर गेली होती. दावणीपाशी गंगासागर एकटी. भगवानराव साहेबांच्या मागं उभे राहून तिला डोळ्यांनी खुणावत होते. एक 'व्हय' म्हणायचं होतं फक्त. साहेब निघून गेले असते, गाय टेम्पोत चढली असती, छावणी वाचली असती. सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. छावणी बंद पडली तर हीच माणसं उद्या तिला तोंड दाखवू देणार नव्हती. पण तिनं 'व्हय' म्हटलं की चारशे बत्तीस नंबर त्या पांढऱ्या गाईचा झाला, आणि शहादेव भगवानरावांच्या जीपमध्ये बसून मांजरसुंब्याला गेला. ते तिला लख्ख दिसत होतं.

"बाई, तुमची आहे का ही गाय?"

"न्हाई साहेब," गंगासागर म्हणाली. "ह्या गाईला मी आजच बगायले. त्यो नंबर माझ्या नवऱ्याचा हाय."

साहेबांनी रजिस्टर पुन्हा उघडलं.

"नवऱ्याचा?"

"हजर," मागून शहादेव म्हणाला. तो पुढं आला. सावळा, शिंगं नसलेला, कपाळावर वण.

"चारशे तेहतीस हजर," बंकट म्हणाला. मग बाकीचे चार. साहेबांच्या पुढं सहा माणसं ओळीनं उभी राहिली. सातवा, सटवा, कुठं दिसेना. डॉक्टरांनी कौतुकानं बंकटच्या डोक्याकडं पाहिलं. तिथं शिंगं असल्याची नोंद होती.

तेवढ्यात हंडा घेऊन भिवराबाई आली. काय झालं ते तिला छबुबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीनं हंडा उतरवला. "साहेब, माझ्या लेकानं वैरणीची काडी बी खाल्ली न्हाई. ती ह्या बैलानं खाल्ली. बैलाला काय करायचं ते करा."

साहेब खुर्ची मागवून बसले. बाटलीतलं पाणी प्यायले. आधीचं पान, त्याच्या आधीचं पान, सगळ्या टिका, सगळे शेरे त्यांनी वाचून काढले. 'बंकट : अर्धी पिली, अर्धी सांडली' इथं त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मग म्हणाले, "माणसं जनावरांच्या रजिस्टरात ठेवता येत नाहीत. सातही नोंदी कमी करतो. गेलेली वैरण संस्थेनं भरून द्यायची. छावणी चालू राहील." त्यांनी लाल पेन काढलं. "पण नोंद कमी करायला कारण लागतं. छापील कारणं तीनच आहेत. मयत लिहू का?"

"मुडदा बसिवला त्या रकान्याचा!" भिवराबाई म्हणाली.

"विक्री?"

"कुणी घेतलं असतं तर मागल्याच साली इकलं असतं," छबुबाई म्हणाली.

"मग राहिलं एकच. 'मालकाने परत नेले.' इथं मालकाची सही."

भिवराबाईनं सुनेला पुढं ढकललं. गंगासागर सातवी शिकलेली, पण लग्नानंतर तिनं सही अशी कुठं केली नव्हती. तिनं पेन धरलं, शहादेवकडं पाहिलं. तो खरंच दाव्याला असल्यासारखा गप उभा होता. तिनं एकेक अक्षर सुटं सुटं काढून मालकाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. छबुबाईनं अंगठा उठवला आणि जरा जास्तच जोरात दाबला.

साहेब रजिस्टर सोबत घेऊन गेले. भगवानराव जीपमध्ये बसून, कुणाशी न बोलता गेले. मांजरसुंब्याच्या जेवणाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला असावा.

सहा वाजले. उत्तरेश्वर रिकाम्या हातांनी टेबलापाशी बसला होता. रजिस्टर नाही, बिल्ले नाहीत, काय पुकारावं त्याला कळेना. तरी सहा जण आले आणि खाली बसले.

"सटवा कुठं हाय?" शहादेव म्हणाला.

वरच्या दावणीतली एक बाई म्हणाली, "दुपारीच कालव्याच्या पलीकडं जाताना दिसला. साहेब आलेले बगून भ्यालं बिचारं."

मग शहादेव उठला. "मी आणतो त्याला."

सगळ्यांनी आधी त्याच्याकडं, मग गंगासागरकडं पाहिलं. ती चुलीपाशी होती. भिवराबाई तोंड उघडणार तोच गंगासागर म्हणाली, "जाऊ द्या आत्या."

"मी बी येतो," बंकट म्हणाला.

"तू कशाला बे? वास आला तरी घसरतोस."

"म्हणूनच. एकट्यानं जायचं नसतंय."

दोघं निघाले. उतरत्या उजेडात कालवा ओलांडून गेले आणि पत्र्याच्या हॉटेलमागं दिसेनासे झाले. पोरगी चुलीपाशी पिठाचा गोळा चेपत बसली. गंगासागरनं एक भाकरी केली, दुसरी केली. तिकडं मान वळवायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि दर भाकरीला एकदा मान वळत होती. तिसरी भाकरी तव्यावर टाकली तेव्हा फोन वाजला.

"गंगू, महिना भरला," आश्रुबा म्हणाला.

"भरला."

"पाव्हणं कुठं हायत?"

"गुत्त्यावर."

पलीकडं किल्ल्यांचा आवाज. "आत्ता निगतो."

"आरं दादा, थांब. माणूस आणायला गेलेत."

"गुत्त्यावरून माणूस आणायला! तुला खरं वाटतंय हे?"

गंगासागरनं पाहिलं. पत्र्याच्या हॉटेलात दिवा लागला होता. कालव्याच्या काठावर कुणी नव्हतं. जाऊन किती वेळ झाला होता? आणायला एवढा वेळ लागतो का? लागत असेलही. सटवा अंगानं जड होता.

"बोल की गंगू. टेम्पो आणू का नगं?"

"नगं आणू."

"आले का ते?"

"न्हाई अजून."

"मग कावून नगं म्हणायलीस?"

"दादा, भाकर करपायली," ती म्हणाली. "ठेव आता."

तिनं फोन पदराला पुसून बाजूला ठेवला, भाकरी उलटली आणि पुढच्या भाकरीसाठी परातीत पीठ ओढलं.